कान धरून घेतलेलं नाव

मागच्या रविवारी कोजागिरीच्या कार्यक्रमासाठी समितीची बैठक आमच्याकडे होती. पीथमपूरला बैठक म्हणजे क्रम ठरलेला. शिफ्ट सुटून येणारे उशिरा, इंदूरहून येणारे त्याहून उशिरा आणि चहा मात्र वेळेवर. या वेळी विषय एकच होता: गाण्याला कोणाला बोलवायचं? पैसे एका कलाकारापुरतेच आहेत.

माझी भाची इथल्या एका गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. तिने फोनमधून तीन नावं काढली. प्रत्येक नावापुढे एक आकडा. एकाला दोन लाख लोक फॉलो करतात, दुसऱ्याला ऐंशी हजार, तिसऱ्या मुलीला साठ हजार. तिघंही छान गातात, हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल मावशीबाई नव्या पोरांवर जळतात.

मी देवासकडच्या एका वयस्कर गायकांचं नाव सुचवलं. ते नाव इथे देत नाही, कारण त्यांना न विचारता आम्ही त्यांच्यावरून तासभर वाद घातला, तेवढंच पुरे झालं. भाचीने लगेच शोधलं आणि म्हणाली, "मावशी, एकशे एकोणनव्वद! यातले निम्मे तर त्यांचे नातेवाईक असतील."

सगळे हसले. मीही हसले, पण राग आला होता. "ते फार मोठे आहेत," असं मी दोनदा म्हणाले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "असतील ना. पण मोठे आहेत हे तू कशावरून म्हणतेस?"

आणि मला उत्तर देता येईना. "सगळे म्हणतात" म्हणावं, तर तिचे दोन लाख माझ्या सगळ्यांपेक्षा जास्त. "जाणकार म्हणतात" म्हणावं, तर जाणकार कोण हे कोणी ठरवायचं? बैठक पुढच्या रविवारवर गेली. हा लेख त्या मधल्या आठवड्याचा आहे.

सोमवारी रात्री आम्ही दोघी फोन घेऊन बसलो. मी तिला म्हटलं, या तिघांना किती लोक बघतात ते राहू दे, हे तिघं कोणाचं नाव घेतात ते बघू. अर्ध्या तासात गंमत लक्षात आली. बहुतेक वेळा ते एकमेकांचंच नाव घेतात. हा तिच्या गाण्याखाली 'वा' लिहितो, ती त्याचं गाणं आपल्याकडे दाखवते, तिसरा दोघांना बोलावून एकत्र गातो. हळदीकुंकवाच्या वाणासारखं आहे हे. मी तुम्हाला स्टीलची वाटी दिली, तुम्ही मला प्लॅस्टिकचा डबा दिलात, दोघींच्या घरी वस्तू वाढली. यात खोटं काही नाही, प्रेमही असेल. पण वाण किती जमलं यावरून घरातली बाई सुगरण आहे की नाही हे कळत नाही.

मग त्यांच्यातल्या एकाचा जुना व्हिडिओ सापडला. बैठकीच्या सुरुवातीला त्याने एक नाव घेतलं आणि घेताना उजव्या हाताने कानाची पाळी धरली. भाचीने विचारलं, "हे काय केलं त्याने?"

तुमच्यापैकी ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे गाणारे गुरूचं नाव उच्चारताना कान धरतात. माझ्या या तोंडाने एवढं मोठं नाव घेतो, चूकभूल माफ करा, असा त्याचा अर्थ. 'वा' लिहिण्याला काही लागत नाही. कान धरण्याला निदान थोडी भीती लागते. दोन्ही वेळा एका माणसाने दुसऱ्याचं नावच घेतलं, मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखीच. आपल्याला ती सारखी वाटतात का?

नावं मोजण्याचा हा उद्योग फोनच्याही बराच आधीचा आहे. अमेरिकेत 1873 मध्ये फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने वकिलांसाठी एक सोय सुरू केली: कोणत्या जुन्या निकालाचा उल्लेख पुढच्या कोणत्या निकालांत आला, त्याची यादी. ती छापताना उल्लेखाशेजारी खुणेची अक्षरंही येऊ लागली. पुढच्या न्यायाधीशाने जुना निकाल मानला, वेगळा ठरवला की रद्दच केला, ते त्या अक्षरावरून कळे. वकिलाला हे कळलंच पाहिजे. रद्द झालेला निकाल शंभर वेळा उल्लेखला गेला म्हणून त्याच्या आधारावर उभं राहिलात, तर अशील बुडालं. नव्वद वर्षांनी युजीन गारफील्डने याच कल्पनेवरून शास्त्रज्ञांच्या लेखांची तशीच सूची काढली, 1964 पासून. त्यात मात्र ती खुणेची अक्षरं नव्हती. कोणी कौतुकाने नाव घेतलं, कोणी चूक दाखवायला घेतलं आणि कोणी फक्त रिवाज म्हणून घेतलं, सगळ्याला एकच गुण. मोजणं सोपं झालं आणि तिथूनच घोळाला सुरुवात झाली, असं माझं मत.

1998 मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल काढलं, तेव्हा त्यांनी निदान एक सुधारणा केली. नुसतं किती जणांनी बोट दाखवलं ते मोजायचं नाही, बोट दाखवणाऱ्याकडे स्वतःकडे किती बोटं आहेत तेही बघायचं. आपल्या आजीला हे न शिकता माहीत होतं. स्थळाबद्दल दहा जण बरं बोलले तरी ती एका ठरावीक घरी निरोप पाठवून विचारायचीच.

आता माझं खरं उदाहरण. ते आपल्या माळव्यातून जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

किराणा घराण्यात अब्दुल वहीद खाँ नावाचे गायक होऊन गेले. कानाने कमी ऐकू येई म्हणून लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. 1949 मध्ये ते गेले. ध्वनिमुद्रण करून घ्यायला ते तयार नसत. आज त्यांचं जे थोडंसं गाणं ऐकायला मिळतं ते रेडिओवरून टिकलेलं. तासन्‌तास एकच राग, अतिशय संथ लय, एकेक सूर जागेवर ठेवत जाणं. आजच्या मापाने बघितलं तर हे शून्य. रील करायची झाली तर त्यांचा पहिला स्वर लागेपर्यंत ती संपेल.

पण त्यांच्याकडे बोट कोणी दाखवलं ते बघा. हिराबाई बडोदेकर त्यांच्याकडे शिकल्या. सुरेशबाबू मानेही शिकले. बेगम अख्तर शिकल्या. सारंगीवादक रामनारायण शिकले. महंमद रफींच्या सुरुवातीच्या शिक्षणातही त्यांचं नाव सांगतात. पंडित प्राणनाथ नावाचे शिष्य 1970 मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली हे तिथले नव्या वळणाचे संगीतकार त्यांच्यासमोर तानपुरा घेऊन बसले. म्हणजे वहीद खाँ साहेबांचं नाव घेणारे मोजले तर मूठभर, पण त्या मुठीत कोण कोण आहे!

आणि यात एक माणूस आहे जो त्यांच्याकडे कधीच रीतसर शिकला नाही. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ. त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगिये. अमीर खाँ साहेबांनी वहीद खाँ यांचं गाणं ऐकून ऐकून ती संथ लय, तो चौदा मात्रांचा झुमरा आपला केला. देवासच्या रजब अली खाँ यांच्या तानेतून घेतलं, भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांच्या सरगमेतून घेतलं आणि त्यातून जे झालं त्याला आज इंदूर घराणं म्हणतात. गंडा नाही, गुरुदक्षिणा नाही, वंशावळीत रेघ नाही. कागदावर वहीद खाँ आणि अमीर खाँ यांच्यात काही संबंध नाही. कानाला मात्र तो पहिल्या मिनिटात कळतो.

पुढची गंमत पुण्यात आहे. प्रभा अत्रे सुरेशबाबू आणि हिराबाईंच्या शिष्या. म्हणजे वहीद खाँ यांच्यापासून त्यांच्यापर्यंत एक सरळ, सगळ्यांना माहीत असलेली वाट. पण आपल्या ख्यालावर अमीर खाँ साहेबांचा आणि ठुमरीवर बडे गुलाम अली खाँ साहेबांचा प्रभाव आहे, हे प्रभाताई स्वतः सांगत. त्या या दोघांकडे बसून शिकलेल्या नव्हत्या. म्हणजे वहीद खाँ यांचं पाणी त्यांच्याकडे दोन पाटांनी आलं: एक घराण्याचा, दुसरा इंदूरहून फिरून आलेला. वंशावळ काढणाऱ्याला यातला एकच दिसतो. इंदूरमध्येच गोकुलोत्सवजी महाराजांचं उदाहरण आहे. अमीर खाँ साहेबांकडे प्रत्यक्ष न शिकता त्यांच्या गायकीचा एवढा खोल परिणाम झालेले ते गायक.

भाचीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आपल्या धंद्यातलं बोलली. "मावशी, आमच्याकडे गाडीच्या पुढे एकच नाव असतं. पण गेल्या वर्षी एका छोट्या व्हेंडरचा माल दोन दिवस आला नाही. एवढासा रबरी भाग. त्याचं नाव गाडी घेणाऱ्याला तर सोडच, आमच्या शोरूमवाल्यालाही ठाऊक नसेल. लाइन थांबली." मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे कोणाला किती ओळखतात ते एक. आणि कोण नसेल तर लाइन थांबते ते दुसरं."

मी आठवडाभर जे शोधत होते ते या मुलीला कारखान्याच्या गेटवर सापडलं होतं. खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

तिचीच कसोटी लावून बघा. अमीर खाँ साहेबांचा आवाज सामान्य माणसाच्या कानावर पोचला तो 1952 च्या 'बैजू बावरा'मुळे आणि 1955 च्या 'झनक झनक पायल बाजे'च्या शीर्षकगीतामुळे. ती गाणी झाली नसती तर त्यांना ओळखणारे खूप कमी झाले असते. पण निखिल बॅनर्जींच्या सतारीत त्यांच्या आलापाची जी छाया आहे ती तरीही राहिली असती. उलट वहीद खाँच काढून टाकले तर? मग विलंबित ख्याल आज जसा गातात तसा गातील का, याची मला शंका आहे.

प्रसिद्धीचं एक तंत्र वेगळंच असतं. ती स्वतःच स्वतःला वाढवते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्ये शास्त्रज्ञांबद्दल हे लिहिलं: दोघांनी सारखंच काम केलं तरी श्रेय आधी नाव असलेल्याच्या खात्यात जातं आणि त्यामुळे पुढचंही त्याच्याच खात्यात जातं. आपल्या मंडळात सत्कार कोणाचा होतो बघा. ज्याचा मागच्या वर्षी दुसऱ्या मंडळात झाला त्याचा. याच मर्टन यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि मला ती जास्त आवडते. एखादी कल्पना इतकी सर्वांची होऊन जाते की मूळ माणसाचं नाव घ्यायची कोणाला गरजच वाटत नाही. प्रभाव पूर्ण झाला की उल्लेख बंद होतो. आपल्याकडे सकाळी पोहे खाताना कोण विचारतं की हे इथे पहिल्यांदा कोणी केले? आपल्याच लोकांनी आणले असं आपण छाती काढून सांगतो, पण त्या बाईचं नाव?

बाईवरून देवास आठवलं. कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला आले. पाच-सहा वर्षं गाणं बंद. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकलेला हा मुलगा, लहानपणीच सगळ्या देशात गाजलेला. म्हणजे प्रसिद्धी त्यांनी आधीच बघितली होती. ती ओसरल्यावर खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी ऐकल्या त्या माळव्यातल्या बायांच्या आणि जोग्यांच्या चाली. लग्नातल्या, पावसाळ्यातल्या, सकाळच्या. त्यातून त्यांनी धुनउगम राग बांधले: मालवती, लगनगंधार, सांजारी. 1965 मध्ये 'अनूपरागविलास' छापला. माळव्याच्या लोकगीतांचे कार्यक्रम केले आणि ही गाणी माळव्याची आहेत हे उघड सांगितलं. कुमारजींनी कान धरला, पण कोणाच्या नावाने धरणार? त्या बायांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? मलाही नाहीत. आमच्या घरी कामाला येणारी धारकडची मावशी तिच्या सासूकडून आलेलं एक गाणं गुणगुणते. मी तिला कधी विचारलं नाही की सासूचं नाव काय.

न घेतलेल्या नावांत आणखी एक प्रकार आहे आणि तो इतका निरागस नाही. सारंगियांकडून शिकलेलं पुष्कळ गायकांनी उघडपणे सांगितलं नाही, बाईजींकडून शिकलेलं तर नाहीच. कारण त्यांचं नाव घेतलं तर आपली पत कमी होईल ही भीती. उलट मोठ्या उस्तादांना एकदा स्टेशनवर नमस्कार केलेला माणूस परिचयपत्रात 'मार्गदर्शन लाभले' असं छापतो. मंडळाकडे येणारे असले परिचय मी वीस वर्षं वाचते आहे. 'आशीर्वाद लाभले' म्हणजे बहुधा दोन मिनिटं आणि 'सान्निध्य लाभले' म्हणजे एक जेवण. पत वाढवणारं नाव दिसतं आणि पत कमी करणारं लपतं. मग नुसत्या दिसणाऱ्या नावांवरून कोणाचा कोणावर किती प्रभाव आहे हे कसं काढणार?

पण भाचीची बाजूही मला सांगितली पाहिजे, नाहीतर ती हा लेख वाचून पुढचा महिनाभर चिडवेल. तिचं म्हणणं असं: दोन लाख लोकांनी ज्याला ऐकलं त्या मुलामुळे आपल्या कॉलनीतली चार पोरं पहिल्यांदा बंदिश म्हणजे काय ते ऐकतील. त्या पोरांना तुझे एकशे एकोणनव्वदवाले गायक थेट ऐकवलेस तर दहाव्या मिनिटाला ती बाहेर पाणीपुरी खायला जातील. हिराबाईसुद्धा तिकीट लावून गायल्या आणि नाट्यगृहं भरली, मावशी, त्यांचं काय कमी झालं? मुद्दा बरोबर आहे. आणि बोट दाखवणारा कोणीतरी गर्दीत उभा असावा लागतो, हेही खरं. अमीर खाँ साहेबांचं चित्रपटातलं गाणं ऐकून त्यांच्या मारव्यापर्यंत पोचलेले लोक मला माहीत आहेत. त्यांतली एक मी.

शिवाय तिने जाताजाता एक शोध लावलाच होता. ते एकशे एकोणनव्वद कोण आहेत ते तिने बुधवारी रात्री एकेक करून बघितलं. नातेवाईक होते, ती बरोबर होती. पण बाकीच्यांत चार तबलजी, दोन संगीत महाविद्यालयांतले शिक्षक, एक सतारिये आणि त्या तिघांपैकी साठ हजारवाली मुलगी. तिने या आजोबांचं नाव स्वतःच्या पानावर कुठेही घेतलेलं नाही. पण त्यांनी टाकलेला एकही व्हिडिओ तिने सोडलेला नाही.

"हिचं काय समजायचं?" भाचीने विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. कदाचित लाजत असेल. कदाचित चोरत असेल. कदाचित अमीर खाँ साहेबांसारखं दुरून ऐकून शिकत असेल आणि नाव घेण्याइतकी आपली तयारी झाली असं तिला अजून वाटत नसेल.

रविवारी मतदान झालं. समितीत बारा जण. सात मतं दोन लाखवाल्या मुलाला, पाच माझ्या बाजूने. त्या पाचांत भाची होती, हे मला हात वर झाल्यावर कळलं. कोजागिरीला तो मुलगा येणार आहे, गच्चीवर आठ वाजता. दूध साडेनऊला. मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि तो कान धरतो का ते बघणार आहे.

आजोबांना आम्ही दोघींनी फोन केला. मानधनाचा विषय त्यांनी काढूच दिला नाही, फक्त गाडी पाठवा म्हणाले, बसमध्ये आता बसवत नाही. कोजागिरीनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता आमच्याच हॉलमध्ये बैठक आहे. सतरंज्या तीस जणांपुरत्या आहेत, पोहे माझ्याकडे. तानपुरा इंदूरहून आणायचा आहे. ज्याची गाडी शनिवारी तिकडे जाणार असेल त्याने मला कळवा. त्या साठ हजारवाल्या मुलीलाही भाचीने निरोप पाठवला आहे. 'बघितला' अशी खूण आली आहे, उत्तर अजून नाही.